झारींतील शुक्राचार्य

नाडी पाहणारा वैद्य रोग्याच्या बोलण्यावर सर्वस्वीं विसंबून राहत नाहीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. रोगी लबाड असतो असें नव्हे; आपल्या शरीरांत काय चाललें आहे हें त्याचें त्यालाच पुष्कळदां उमगलेलें नसतें, इतकेंच. सांप्रत घरोघरीं मेजावर बसलेला जो संगणक, त्याच्या दुखण्याची गोष्ट मात्र याहून एक पायरी पुढें गेलेली आहे. येथें रोगी खरोखरीच खोटें बोलूं शकतो. आणि वैद्यानें मनगट हातांत घेतलें तर त्याची नाडीहि त्या खोट्यालाच दुजोरा देते. संगणकांत शिरणाऱ्या उपद्रवी आज्ञावल्यांपैकीं ज्या उघड दंगा करतात त्यांविषयीं लिहिणें सोपें आहे. आज लिहावयाचें आहे तें ज्या लपून बसतात त्यांविषयीं, आणि मुख्यतः त्यांना बाहेर काढण्यासाठीं गेल्या सुमारें चाळीस वर्षांत माणसांनीं कोणकोणत्या युक्त्या योजिल्या त्यांविषयीं.

प्रथम हें खोटें बोलणें शक्य कसें होतें तें पाहूं. घरच्या माणसानें पडद्यावर फाइलींची यादी मागितली, तर तो कांहीं डिस्कवरच्या चुंबकीय खुणा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत नाहीं. त्याची विनंती ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. ती आपल्या हाताखालच्या ड्रायव्हरला सांगते. ड्रायव्हर डिस्कला विचारतो. आणि उत्तर त्याच पायऱ्यांनीं वर येतें. दरबारांतील अर्ज जसा कारकून, शिरस्तेदार, चोपदार अशा हातांतून जातो, तसाच हा प्रकार. यांपैकीं एका जरी पायरीवर चोरानें आपला माणूस बसविला, तर त्याला अर्ज फाडण्याचें कारण नाहीं. परत येणाऱ्या कागदांतून आपलें एकट्याचें नांव गाळलें कीं काम झालें. बळीच्या झारीच्या तोंडाशीं शुक्राचार्य बसले ते असेच वाटेवर बसले होते. पण तेथें पाणी अडलें म्हणून संशय तरी आला; येथें पाणी नेहमींसारखेंच वाहतें. रोगनिवारणासाठीं आणलेली विषाणुनाशक आज्ञावली हीसुद्धां त्याच दरबारांत अर्ज करणारी, तेव्हां तिलाहि तेंच उत्तर मिळतें.

ही विद्या पुढें पुढें सुचली असेल असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति उलट आहे. आय.बी.एम. जातीच्या घरगुती संगणकावरचा जो पहिला विषाणु म्हणून प्रसिद्ध आहे, तोच लपणारा होता. १९८६ च्या जानेवारींत लाहोर येथें बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनीं तो लिहिला. त्यांचें तेथें संगणकांचें दुकान होतें, आणि त्यांनीं तयार केलेल्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती कोण काढतो हें पाहण्याकरितां हा उद्योग केला, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. दुकानाचें ‘ब्रेन’ हें नांव व आपला पत्ता त्यांनीं विषाणूच्या पोटांतच लिहून ठेवला होता. चोरानें मागें आपलें कार्ड ठेवून जावें तसें हें झालें! ब्रेन फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या सेक्टरांत, म्हणजे यंत्र सुरू होतांना प्रथम जेथें वाचन होतें त्या ठिकाणीं, स्वतः जाऊन बसे. तेथला मूळ मजकूर तो दुसरीकडे हलवी आणि ती जागा ‘खराब’ म्हणून नोंदवी, म्हणजे तिकडे कोणी फिरकूं नये. आतां कोणी चौकस माणूस तो पहिला सेक्टर वाचूं लागला, तर ब्रेन ती विनंती वाटेंतच अडवून त्याला हलवून ठेवलेला मूळ मजकूर दाखवी. पाहणारा म्हणे, सर्व ठीक आहे.

यावर जो उपाय निघाला तो इतका साधा आहे कीं, त्यांत बुद्धीचा केवढा अंश आहे हें चटकन् लक्षांत येत नाहीं. विषाणु खोटें बोलतो तें तो जागा असतांना, म्हणजे यंत्राच्या स्मृतींत वावरत असतांना. डिस्कवर निपचित पडलेला विषाणु म्हणजे नुसतीं अक्षरें. तीं कोणाला फसवूं शकत नाहींत. तेव्हां यंत्र पूर्ण बंद करावें, नुसती पुनःसुरुवात करूं नये; नंतर दुसऱ्या निरोगी यंत्रावर तयार केलेली स्वच्छ फ्लॉपी घालून तिच्यावरून तें सुरू करावें; आणि मग आजारी डिस्क उघडून पाहावी. साक्ष देणाऱ्यास झोंपवून त्याचें दप्तर दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें, असा हा मार्ग. त्या काळच्या सवापांच इंची फ्लॉपीच्या कडेस एक खांच असे; तीवर चिकटपट्टी लावली म्हणजे फ्लॉपीवर कांहीं लिहिणें यंत्रास अशक्य होई. हा प्रतिबंध आज्ञावलीचा नसून फ्लॉपी फिरविणाऱ्या यंत्रभागाचाच होता, म्हणून कोणत्याहि लबाडीनें तो मोडतां येत नसे. पैशा-दोन पैशांची ती पट्टी. पण तिच्या तोडीचें भरंवशाचें साधन पुढें फार थोड्यांस लाभलें.

मात्र या उपायांत एक मोठा खड्डा होता, आणि १९९० नंतरच्या विषाणुकारांनीं तो नेमका हेरला. त्यांनीं असा विचार केला कीं, आपल्याला झोंपविल्यावर घर चालेनासेंच झालें तर? १९९१ च्या सुमारास बल्गेरियांतून ‘डिर-टू’ नांवाचा एक विषाणु बाहेर पडला. हा आज्ञावल्यांच्या फाइलींना हातच लावीत नसे. फाइलींच्या सूचींत प्रत्येक आज्ञावली डिस्कवर कोठें सुरू होते त्याचा जो पत्ता असतो, तेवढाच बदलून तो तेथें स्वतःचा पत्ता लिही, आणि खरा पत्ता गुप्त लिपींत बाजूला ठेवी. विषाणु जागा असे तोंवर तो आल्यागेल्यास बरोबर घर दाखवी. पण कोणी शास्त्राप्रमाणें स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलें, कीं सर्व आज्ञावल्यांचा पत्ता एकच दिसे! अशा वेळीं डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्क ही आज्ञा भाबडेपणानें चालविली तर ती त्या सर्व फाइलींचा निकाल लावी. रोग राही बाजूला, औषधानेंच रोगी दगावे.

डिर-टूवर जो तोडगा निघाला तो आमच्या मतें या सगळ्या इतिहासांतील सर्वांत सुंदर होय. विषाणूला झोंपवूं नका, जागा राहूं द्या. आणि त्याच्या देखतच सर्व आज्ञावल्यांचीं नांवें बदला, म्हणजे त्यांचें आज्ञावलीपणाचें आडनांव काढून दुसरें कांहीं तरी लावा. आतां त्या फाइली त्याच्या कामाच्या उरल्या नाहींत असें समजून विषाणु स्वतःच खरे पत्ते जागच्या जागीं परत ठेवी. त्यानंतर यंत्र बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून उघडावें आणि जुनीं नांवें पुन्हां द्यावीं. लबाड साक्षीदाराला खरें बोलावयास लावण्याची ही तऱ्हा एखाद्या मुरब्बी वकिलास शोभण्यासारखी आहे. तो ज्या सोंगावर जगतो तें सोंग त्याला शेवटपर्यंत वठवूं द्यावयाचें, आणि त्यांतूनच आपला माल सोडवून घ्यावयाचा. फ्रोडो नांवाच्या त्याच पिढींतल्या दुसऱ्या एका विषाणूवरहि अशीच मात्रा चाले. कोणी फाइल वाचूं लागला कीं तो स्वतःला वगळून निर्मळ मजकूर पुढें करी. तेव्हां तो जागा असतांनाच फाइलींच्या गठड्या बांधून ठेवल्या, तर गठडींत निर्मळ प्रतीच जात.

स्लोव्हाकियांत १९९४ मध्यें आढळलेल्या ‘वन हाफ’ विषाणूनें याहून कठोर सौदा मांडला. यंत्र जितक्या वेळां सुरू होई तितक्या वेळां तो हार्ड डिस्कच्या शेवटच्या टोंकाकडून दोन-दोन सिलिंडर, म्हणजे चकत्यांवरील वर्तुळांचा तेवढा भाग, गुप्त लिपींत बदलून टाकी. घरच्या माणसास कांहींच कळत नसे, कारण त्या भागांतलें कांहीं मागितलें तर विषाणु तें तत्क्षणीं उलगडून देई. अशा रीतीनें तो दिवसेंदिवस घराचा किल्लीदार होऊन बसे. अर्धी डिस्क त्याच्या लिपींत गेली म्हणजे पडद्यावर, हें अर्धें झालें, अशा अर्थाचा निरोप येई. आतां अशा किल्लीदारास एकाएकीं घालवून दिलें तर किल्ली त्याच्याबरोबर जाते. कित्येकांनीं घाईघाईनें डिस्कचा पहिला सेक्टर नवा लिहून काढला. विषाणु गेला, आणि त्याच सेक्टरांत असलेली किल्लीहि गेली. तेव्हां वन हाफ काढणाऱ्या शहाण्या आज्ञावलीला आधीं त्याच्याकडून किल्ली काढून घ्यावी लागे, मग तिनें अर्धें घर उलगडावें लागे, आणि सर्वांच्या शेवटीं त्याला दाराबाहेर घालावें लागे. विषाणु किती जुना, किती आंत गेलेला, हें न पाहतां औषध देणाऱ्यांस येथें फार महाग धडा मिळाला.

या काळांत आपल्याकडे काय चाललें होतें? फ्लॉपींतून फ्लॉपींत जाणाऱ्या विषाणूंस देशांच्या सीमा नव्हत्या, आणि एकच फ्लॉपी चार यंत्रांत घालण्याची आपली चाल त्यांस सोयीचीच होती. मायकेलअँजेलो नांवाचा विषाणु त्या सुमारास जगभर गाजला. त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशीं, म्हणजे ६ मार्च रोजीं, तो डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ च्या मार्चांत लक्षावधि यंत्रें बुडणार अशी हाकाटी वर्तमानपत्रांनीं केली. प्रत्यक्षांत त्या मानानें फारच थोडीं बुडालीं. परंतु ज्याचें एक बुडालें त्याला हा हिशेब सांगून काय उपयोग? पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करतां करतां संगणकांच्या दुरुस्तीकडे वळलेले कैलास काटकर यांच्याकडे अशीं यंत्रें येत. त्यांचे धाकटे बंधु संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं या विषाणूंवर उतारे लिहिण्यास सुरुवात केली, आणि त्यांतूनच १९९५ मध्यें ‘क्विक हील’ ही विषाणुनाशक आज्ञावली बाजारांत आली. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेल्या या धंद्याचा समभाग २०१६ मध्यें शेअरबाजारांत नोंदला गेला. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच कीं, लाहोर काय किंवा पुणें काय, विषाणु आणि उतारा हीं दोन्हीं भावाभावांच्या लहान दुकानांतून निघालीं.

फ्लॉपीचें युग संपत आलें तेव्हां लपण्याची कला दुसऱ्याच घराण्यांतून घरगुती यंत्रांत आली. विद्यापीठांतून व कचेऱ्यांतून युनिक्स नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते; तिच्यांत सर्वाधिकारी जो असतो त्याला ‘रूट’ म्हणतात. १९९० च्या आगेंमागें चोरांनीं एक नवाच परिपाठ पाडला. रूटचा अधिकार मिळाला कीं ते त्या यंत्रांतील नित्याच्या आज्ञा, म्हणजे कोणत्या फाइली आहेत, कोणतीं कामें चालूं आहेत, कोण आंत आलें आहे हें सांगणाऱ्या आज्ञाच, बदलून त्यांच्या जागीं आपल्या तोतया आज्ञा ठेवीत. या तोतयांच्या संचास ‘रूटकिट’ हें नांव पडलें. यावरचा बचावहि शिस्तीचा होता : अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत १९९२ मध्यें तयार झालेली ट्रिपवायर ही आज्ञावली यंत्र निरोगी असतांनाच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची एक सांकेतिक मुद्रा काढून ठेवी, आणि ती मुद्रा बदलली कीं ओरड करी. पण ती मुद्रांची वही कोठें ठेवावयाची? चोराच्या हातीं न लागेल अशा, जेथें लिहितां येत नाहीं अशा, वस्तूवर. पुन्हां तीच चिकटपट्टी!

किंबहुना ही शंका किती खोल नेतां येते हें युनिक्सच्या जनकांपैकीं एक जे केन टॉम्प्सन, त्यांनीं आधींच दाखवून ठेवलें होतें. ट्युरिंग पारितोषिकाच्या प्रसंगीं त्यांनीं दिलेलें व्याख्यान १९८४ मध्यें प्रसिद्ध झालें. माणसानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, त्यालाच जर फितविलें, तर तो निर्दोष मजकुरांतूनहि सदोष आज्ञावली निर्माण करील. आणि उद्यां कंपायलरचाच मजकूर स्वच्छ करून त्याच्याकडून नवा कंपायलर बनवून घेतला, तर तो त्या नव्यांतहि आपली फितुरी गुपचूप उतरवील. मजकूर वाचणाऱ्यास कोठेंहि डाग दिसावयाचा नाहीं. घरच्या संगणकाचा मालक या थरापर्यंत जाऊन चौकशी करूं शकत नाहीं हें उघड आहे. त्याला कोठें तरी थांबून कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

तो विश्वास ज्यांच्यावर ठेवावयाचा तेच उलटले, अशी एक गोष्ट २००५ मध्यें घडली, आणि तिच्यामुळें रूटकिट हा शब्द प्रथमच सामान्य घरांत पोहोंचला. मार्क रसिनोविच नांवाचे विंडोजच्या अंतरंगाचे एक जाणते अमेरिकन संशोधक आहेत. त्यांनीं व ब्राइस कॉग्स्वेल यांनीं त्या वर्षीं रूटकिट शोधण्याची एक आज्ञावली केली होती. तिची रीत मोठी मार्मिक आहे. एकच प्रश्न दोन वाटांनीं विचारावयाचा : एकदां विंडोजला राजमार्गानें फाइलींची यादी मागावयाची, आणि एकदां डिस्कवरील मूळ नोंदी स्वतः वाचून यादी करावयाची. दोन्ही याद्या ताडून पाहतां जें एकींत आहे व दुसरींत नाहीं, तेंच कोणी तरी लपविलेलें. खोटें बोलणाऱ्यास प्रत्येक वाटेवर सारखेंच खोटें बोलणें साधत नाहीं, यावर हा सगळा डाव उभा आहे. ही आज्ञावली आपल्याच यंत्रावर चालवून पाहतां रसिनोविच यांस कांहीं लपलेल्या फाइली सांपडल्या. माग काढतां काढतां तो सोनी बी.एम.जी. या गाण्यांच्या बड्या कंपनीच्या, पैसे मोजून विकत घेतलेल्या, एका सीडीपर्यंत जाऊन भिडला. ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं त्यांनीं ही हकीकत जाहीर केली.

कंपनीचा हेतु गाण्यांच्या चोरट्या प्रती निघूं नयेत हा होता. (लाहोरच्या बंधूंचा तरी दुसरा काय होता?) फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीकडून घेतलेली आज्ञावली ती सीडी यंत्रांत घालतांच आंत उतरे, आणि ‘डॉलर-सिस-डॉलर’ या अक्षरांनीं ज्याचें नांव सुरू होतें असें जें जें कांहीं यंत्रांत असेल तें तें मालकाच्या दृष्टीआड करी. मग तें सोनीचें असो वा कोणा भलत्याचें. हें कळतांच भलते पुढें आलेच. नोव्हेंबरांतच एका उपद्रवी आज्ञावलीनें आपल्या नांवास तीं अक्षरें लावून या आयत्या पडद्याआड मुक्काम ठोकला. संगणकावर खेळणाऱ्या लबाड खेळाडूंनीं खेळाच्या पहारेकऱ्यापासून आपलीं साधनें लपविण्यासाठीं तीच युक्ति वापरली. कुंपणच शेत खातें असें आपण म्हणतों. येथें कुंपणानें शेत तर खाल्लेंच, शिवाय गुरांसाठीं वाटहि करून दिली.

आणि काढणें? तेथें तर खरा कस लागला. त्या आज्ञावलीला बाहेर काढण्याची कांहींच सोय ठेवलेली नव्हती. एखाद्यानें आपल्या हातानें तिच्या फाइली पुसल्या तर सीडी वाचणारा भागच विंडोजला दिसेनासा होई, कारण वाटेंतला मध्यस्थ मेला पण वाट अजून त्याच्याच नांवावर होती. ओरड झाल्यावर कंपनीनें प्रथम केवळ पडदा दूर करणारा उतारा दिला. पुढें आज्ञावली उपटून काढण्याची जी सोय दिली, तिची तपासणी प्रिन्स्टन विद्यापीठांतील एडवर्ड फेल्टन व ॲलेक्स हाल्डरमन यांनीं केली. ती वापरलेल्या यंत्रांत वाटेल त्या संकेतस्थळास वाटेल ती आज्ञा चालवितां येईल असें मोठें भगदाड ती मागें ठेवून जाते, असें त्यांना आढळलें. एवंच, कांटा काढावयास दिलेली सुई गंजलेली निघाली. अशा ५२ प्रकारच्या सीडी होत्या. सुमारें ४७ लाख तयार होऊन त्यांतील २१ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरांत कंपनीनें माल परत मागविला, टेक्सस राज्यानें तिजवर फिर्याद केली, आणि २००७ च्या जानेवारींत अमेरिकन व्यापार आयोगाशीं झालेल्या तडजोडींत, ती आज्ञावली काढण्याच्या खटपटींत ज्यांचें यंत्र बिघडलें त्यांस १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचें तिनें मान्य केलें. तत्पूर्वीं अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें या कंपन्यांस जाहीरपणें जें बजावलें त्याचा मतलब असा होता कीं, गाणें तुमच्या मालकीचें असेल, संगणक तुमच्या मालकीचा नव्हे. या एका वाक्यांत प्रकरणाचा सगळा निवाडा आला.

विषाणुनाशकें विकणाऱ्या मंडळींची वागणूकहि येथें नमूद करावयास हवी. फिनलंडमधील एफ-सिक्युअर या संस्थेस हा प्रकार रसिनोविच यांच्या लेखापूर्वींच कळला होता व तिनें तो सोनीस कळविलाहि होता. परंतु लोकांस सांगितला नव्हता. इतर कित्येकांनीं प्रारंभीं नुसता पडदा काढून मूळ आज्ञावली जागच्या जागीं राहूं दिली. चोर अनोळखी असतां तर असा संकोच झाला नसता, असें आम्हांस वाटतें.

यानंतरच्या पांच-सात वर्षांत रूटकिट हा चोरांचा नित्याचा व्यापार झाला. त्यांतील ‘अल्युरिऑन’ अथवा टी.डी.एस.एस. या नांवाच्या रूटकिटची एकच हकीकत सांगण्याजोगी आहे. २०१० च्या फेब्रुवारींत मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या गाभ्यांतील एक उणीव बुजविणारी दुरुस्ती पाठविली, आणि जिकडेतिकडे विंडोज एक्सपीचीं यंत्रें सुरूच होईनात. निळा पडदा दिसे आणि यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करी. लोकांनीं अर्थातच मायक्रोसॉफ्टच्या नांवानें बोटें मोडलीं. तपास करतां निराळेंच निष्पन्न झालें. गाभ्यांतील अमुक वस्तु अमुक ठिकाणीं असते असें अल्युरिऑननें गृहीत धरून ठेवलें होतें. दुरुस्तीनें त्या जागा हलल्या, आणि अंधारांत नेहमींच्या पायरीवर पाय टाकणारा चोर तोंडघशीं पडला. पडतांना घरहि घेऊन पडला. जीं यंत्रें कोसळलीं त्यांतील पुष्कळांना रोग होता हें असें अकस्मात् उघडकीस आलें. मात्र याचा लाभ फार दिवस मिळाला नाहीं, कारण चोरांनीं लौकरच आपली आज्ञावली सुधारून पाठविली, आणि यंत्रें पुन्हां सुरळीत, म्हणजे रोगासहित, चालूं लागलीं. हें रूटकिट डिस्क वाचणाऱ्या ड्रायव्हरांतच ठाण मांडी, आणि डिस्कच्या अगदीं शेवटीं, विंडोजच्या नोंदींत न येणाऱ्या जागेंत, आपलें सामान गुप्त लिपींत ठेवी. त्याच्यासाठीं कॅस्परस्की या रशियन कंपनीनें एक खास उतारा फुकट वांटला. आणि पुष्कळ घरचीं यंत्रें त्या एका लहानशा आज्ञावलीनें सुटलीं.

पण ज्यांचीं सुटलीं नाहींत त्यांचें काय? आपल्याकडे गल्लींतला संगणकवाला अशा वेळीं एकच वाक्य बोलतो : फॉरमॅट मारावा लागेल. म्हणजे डिस्क धुऊन काढून विंडोज नव्यानें घालणें. सुशिक्षितांस हा अडाण्याचा उपाय वाटतो, आणि पुष्कळदां तो आळसानें सांगितलेला असतो हेंहि खरें. परंतु तत्त्वतः पाहतां बोलणें त्याचेंच बरोबर आहे. ज्या यंत्राचा गाभा एकदां दुसऱ्याच्या हातीं गेला, त्यांतून अमुक तमुक काढलें एवढेंच सांगतां येतें. आंत आणखी कांहीं उरलें नाहीं, हें तें यंत्र स्वतः कधींच सिद्ध करूं शकत नाहीं. फ्रेड कोहेन या अमेरिकन अभ्यासकानें १९८० नंतरच्या दशकांतच गणितानें दाखवून दिलें आहे कीं, प्रत्येक विषाणु अचूक ओळखील आणि निरपराध्यास कधींहि दोष देणार नाहीं, अशी आज्ञावली होणेंच शक्य नाहीं. मग उरतो तो फॉरमॅटच. त्याची किंमत मात्र ज्याची त्याला ठाऊक. लग्नाचीं छायाचित्रें, मुलांचे आवाज, वडिलांनीं टंकून ठेवलेले हिशेब, यांची दुसरी प्रत घरांत नसली तर चोराला हाकलण्यासाठीं घर जाळण्यासारखेंच तें होतें. आणि नव्यानें घालावयाचें विंडोज ज्या सीडीवरून घालावयाचें, ती कोणाकडून उसनी आणलेली असेल तर ती तरी स्वच्छ आहे हें कशावरून?

आणि फॉरमॅटहि पुरत नाहीं अशी एक जागा यंत्रांत आहे. डिस्कच्याहि आधीं जागी होणारी, यंत्राच्या मुख्य फळीवर बसविलेली एक चिप असते. यंत्राला प्रथम जाग तीच आणते. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानें लिहिलेला सी.आय.एच. विषाणु २६ एप्रिल १९९९ रोजीं असंख्य यंत्रांत उठला, तेव्हां त्यानें डिस्कचा आरंभ तर पुसलाच, पण जेथें साधलें तेथें या चिपमधील मजकूरहि पुसून टाकला. तीं यंत्रें सुरूच होईनात, आणि चिप बदलणें किंवा ती काढून नव्यानें लिहून आणणें एवढाच मार्ग उरला. सी.आय.एच.ला त्या चिपमध्यें राहावयाचें नव्हतें, ती मोडावयाची होती. तेथें राहावयास येणारा पुढें आला.

२०१८ च्या सप्टेंबरांत स्लोव्हाकियांतील ईसेट या संस्थेनें ‘लोजॅक्स’ नांवाचें असें एक रूटकिट प्रत्यक्ष वापरांत असलेलें उघडकीस आणलें. त्याचीं लक्ष्यें घरगुती नसून बाल्कन प्रदेशांतील व मध्य आणि पूर्व युरोपांतील सरकारी संस्था होत्या. त्याचा एक भाग चोरीस गेलेल्या संगणकाचा पत्ता मालकास कळावा म्हणून विकल्या जाणाऱ्या एका आज्ञावलींत फेरफार करून केलेला होता. डिस्क धुऊन कांहीं होऊं नये, चोरानें ती बदलली तरी पहारेकरी परत यावा, असेंच त्या मूळ आज्ञावलीचें धोरण. तेव्हां चोरांस फार नवें शोधावें लागलें नाहीं. फळीवरच्या चिपमध्यें बसलेलें हें रूटकिट विंडोज नव्यानें घातलें, हार्ड डिस्क काढून नवी बसविली, तरी पुन्हां नव्या डिस्कवर आपलें सामान उतरवी. ईसेटनें यावर दोनच उपाय सांगितले : चिपमधील मजकूर कारखान्याच्या स्वच्छ प्रतीवरून नव्यानें लिहावा, आणि तें साधत नसेल, तर यंत्राची मुख्य फळीच बदलावी.